चकतीची खांदशेकणी

लखीराम राठोड वाघाला भ्यायचा नाही. शेताच्या बांधावर ओले पंजे उमटलेले दिसले तरी बिडी पेटवायचा, "आला असंन पानी प्याले," म्हणायचा आणि कामाला लागायचा. सापाला भ्यायचा नाही, साहेबलोकांना तर मुळीच नाही. भ्यायचा तो फक्त उताराला. आता हसा. तांडाभर लोक हसायचेच.

बंजाऱ्यांचा हा तांडा वसलाय घाटाच्या माथ्यावर. यवतमाळकडून येणारा रस्ता तांड्यापर्यंत सरळसोट, आणि शेवटचं घर मागं पडलं की थोड्या अंतरानं एकदम खाली सुटतो, वळसे घेत घेत पार घाटंजीच्या अंगाला. बाजार तिकडं, कॉलेज तिकडं, कापसाचं जिनिंग तिकडं. म्हणजे उतरल्याशिवाय गत्यंतर नाही. लखीराम एसटीत बसायचा आणि घाटाच्या तोंडाशी आला की उठून उभा राहायचा. "थांबव बापू, मी उतरतो." कंडक्टर म्हणायचा, "काका, तिकीट खालपर्यंतचं हाय!" "असू दे. तू जाय, मी येतो पायानं." मग बस निघून जायची आणि हा गडी सागाच्या कडेकडेनं, काठी टेकत, खाली यायचा. त्याची बायको हंसाबाई पिशव्या घेऊन पायथ्याच्या कडुनिंबाखाली बसलेली असायची. तो दिसला की तिचं तोंड सुरू. "मानसाले काई लाज? अर्धा बाजार उठला असंन तिकडं!" चढाला मात्र त्याला काही वाटायचं नाही. येताना टपावरसुद्धा बसला असता.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून हसणारेही बेतानंच हसायचे.

लखीराम लहान असताना त्यांची कापसाची गाडी घाटंजीला चालली होती. थोरला भाऊ धावजी कासरा धरून पुढं, लखीराम मागं कापसावर लोळत. तेव्हा बैलगाडीला ब्रेक कुठला? उतार आला की सागाचं एक ओंडकं दोरानं मागं बांधायचं. ते रस्त्याला घासत यायचं आणि गाडी आवरून धरायचं. उरलेला भार बैलांच्या खांद्यावर. त्या दिवशी ऐन वळणात दोर तुटला. मोठा आवाज नाही झाला, नुसता तट्ट असा. धावजीनं मागं वळून भावाला कापसाच्या गाठोड्यासकट खाली लोटून दिलं आणि पुन्हा कासऱ्याला लागला. बैलांनी खुरं रोवली, खांदे दिले, पण मागचं सगळं ओझं अंगावर आल्यावर त्यांचं तरी काय चालणार? गाडी, बैल आणि धावजी, सगळेच दरीत गेले. ते वळण अजून धावजीचं वळण म्हणूनच ओळखलं जातं. लखीराम तेव्हापासून एकच गोष्ट सांगत आला, मुलांना, पाहुण्यांना, ऐकेल त्याला: "उतारावर जीव खांद्यावर राह्यते. ज्याच्या खांद्यावर भार हाय, त्याचा खांदा पयले पाहा."

आणि तो पाहायचाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. तूप-हळद कोमट करायची, पळसाचं पान त्यात बुडवायचं आणि वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा त्या पानानं शेकायचा. शेकून झालं की बैलाला जेवणाचं निमंत्रण द्यायचं: आज आवतन घे, उद्या जेवाले ये. बाकीचे लोक दोन बोटं फिरवून मोकळे व्हायचे. लखीराम बैलाच्या मानेशी गाल लावून अंधार पडेपर्यंत शेकत बसायचा. तांड्यातल्या म्हाताऱ्या मानीबाई म्हणायच्या, "लखीरामचा बैल व्हावं बाप्पा पुढच्या जल्मी."

पण बैल काही राहिले नाहीत. एक म्हातारा होऊन गोठ्यातच गेला, दुसरा एकटा पडला तसा विकला, आणि शेतात भाड्याचा ट्रॅक्टर फिरू लागला. पोळ्याला गोठा रिकामा. लखीराम मातीच्या बैलांना हळद लावायचा आणि दिवसभर कुणाशी धड बोलायचा नाही.

अशा घरात ती सायकल आली.

आणली लखननं. लखन हा थोरला मुलगा, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. तिथला कुणी इंजिनीअर बदली होऊन चालला होता, त्याची ही सायकल लखननं धाकट्या बहिणीसाठी घेतली. वर्षा तोवर साध्या सायकलनं घाट चढून-उतरून घाटंजीच्या कॉलेजात जायची आणि शर्यतीत पोरांना मागं टाकायची. नवी सायकल पाहून ती अंगणात नाचलीच. लखीरामनं मात्र आधी विचारलं, "ब्रेक कसा हाय?"

"बा, एकदम भारी हाय. डिस्क ब्रेक," वर्षा म्हणाली. तिनं चाकाच्या मधोमध बसवलेली चकचकीत लोखंडी चकती दाखवली. "यात वायर नाई. नळीत तेल राह्यते. इथं लिव्हर दाबली का तेल तिकडं जोर करते, अन् हे दोन पॅड चकतीले दोन्हीकून चिमटून धरते."

"म्हंजे तेलावर चालते?"

"तेलावरच."

"अन् उतारावर सारा भार कोनावर येते?"

"ह्या चकतीवर," म्हणून तिनं चकतीवर नखानं टिचकी मारली. ती छान वाजली.

लखीराम उकिडवा बसून त्या चकतीकडे बघत राहिला. पोरगी रोज घाट उतरणार. दिवसाचे दोन घास त्याच्या घशाखाली तेव्हाच उतरायचे, जेव्हा ती परत आल्याची घंटी वाजायची. आता त्याला निदान कळलं होतं की पोरीचा जीव कुणाच्या खांद्यावर आहे. ह्या तळहाताएवढ्या पत्र्याच्या.

पुढचा पोळा आला तेव्हा झालं ते असं.

आदल्या संध्याकाळी वर्षा मैत्रिणीकडे गेली होती. सायकल गोठ्यातच ठेवलेली, बैलांच्या गव्हाणीशी. लखीराम वाटीत तूप-हळद घेऊन मातीच्या बैलांपाशी निघाला आणि मधेच थबकला. जो भार वाहतो त्याला सोडून ह्या मातीच्या ढेकळांना कशाला शेकायचं? त्यानं इकडंतिकडं पाहिलं. पोरगी असती तर हसली असती, "बा, सायकलले बैल समजता काय!" कुणी नव्हतं. त्यानं पान बुडवलं आणि चकतीवरून फिरवलं. पुढची चकती, मागची चकती. मग धोतराच्या सोग्यानं पुसून घेतली, म्हणजे पोरीला पिवळं दिसू नये. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," तो हळूच म्हणाला. लय दिवसांनी त्याला खरा पोळा आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळी वर्षा सरावाला घाटात गेली. लखीराम तांड्याच्या मैदानात, जिथं उरल्यासुरल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या करतात, तिथं दिवसभर लोकांच्या बैलांना हात लावत हिंडत होता. त्यामुळे घरी काय झालं हे त्याला संध्याकाळी कळलं. हंसाबाईनं सांगितलं, चुलीपुढं बसून, आवाज दाबून.

"पोरगी आज वाचली, बरं का. ब्रेकच लागला नाई तिचा. धावजीच्या वळनाच्या वरतं मातीच्या ढिगावर घातली तिनं सायकल, म्हनून थांबली. कोपर सोलून निघालं. तुमाले सांगू नको म्हने."

लखीरामच्या हातातला पाण्याचा गडवा तसाच राहिला. कान बंद झाल्यासारखे झाले, आणि त्या बंद कानांत फक्त दोर तुटल्याचा तट्ट आवाज.

वर्षानं दिवसभर काय केलं होतं तेही हंसाबाईनंच सांगितलं, पण तुटक. सगळं असं झालं होतं. यवतमाळला शाम म्हणून सायकलवाला आहे, ही सायकल त्याच्याच हाताखालून गेलेली. वर्षानं त्याला फोन लावला. शाम म्हणाला, लिव्हर दाबून पाहा, मऊ लागते की टणक? मऊ लागली, पार दांड्याला टेकली, तर नळीत हवा शिरली. वर्षा म्हणाली, टणक लागते. तेल कुठं गळतंय का? नाही. पॅड झिजले का? थोडे, पण आहेत. ब्रेक लावताना किंचाळतो का? हो, फार. मग शाम म्हणाला, "आतमंधी सारं ठीक हाय. तुये पॅड तेलकट झाले. चकतीले तेलाचा हात लागला काय कोनाचा?" वर्षानं आईला विचारलं. हंसाबाईचे हात पुरणात, ती म्हणाली, "कोन लावते वं तेल? माया हात तं सकाळपासून चुलीच्या बाहीर नाई." खरंच तिला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो मैदानात होता, आणि त्याला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ट्रॅक्टरनं रस्त्यावर डिझेल सांडलं असेल, असं वर्षानं ठरवलं. पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले, कोरोनाच्या वेळचं सॅनिटायझर कपाटात पडलं होतं त्यानं चकत्या पुसल्या, आणि तांड्याच्या रस्त्यावर ब्रेक लावत-सोडत फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठं ब्रेक बराच धरू लागला. शाम म्हणाला, तरी मी लखनच्या हातून नवे पॅड पाठवतो, तो उद्या येतोच आहे.

हंसाबाईला जेवढं समजलं तेवढंच तिनं सांगितलं. ती म्हणाली, "शाम काईतरी सांगत होता, हिनं घासलं, पुसलं, झालं नीट." तेलाच्या हाताची गोष्ट तिच्या लेखी संपली होती. ती तिनं सांगितलीच नाही.

लखीराम वर्षापाशी गेला. ती कोपरावर हळद दाबत बसली होती.

"काय झालतं?"

"काई नाई बा. ब्रेक थोडा थकला होता. आता बरा हाय."

"उद्या नको जाऊ."

"उद्या निवड हाय, बा. जिल्ह्याच्या टीमची. वर्षभर कायले मेली मी मंग?"

"घाटापुरती उतरून जाय. हातात धरून ने सायकल. खाली गेल्यावर बस." "मी येतो संगं. पायी जाऊ."

वर्षा चिडली. भ्यालेलं माणूस चिडतंच. "साऱ्या पोरी तिथं वॉर्म-अप करतीन अन् मी बापाचं बोट धरून घाट उतरू? तुमी भेता म्हनून मी बी भेऊ काय जल्मभर?"

लखीराम उठला आणि गोठ्यात गेला. सायकल उभी होती. त्यानं चकतीवर हात ठेवला, थंडगार, कोरडी. सॅनिटायझरनं पुसलेली ना! ती कोरडी चकती त्यानं पुन्हा पुन्हा चाचपली. थकला, म्हणाली. बैलाचा खांदा आला, सुजला, म्हणजे काय करायचं हे लखीरामला कुणी शिकवायची गरज नव्हती. आलेल्या खांद्याला कोरडं ठेवतात का कुणी? आणि हा तर तेलावरच चालणारा ब्रेक, पोरीनं स्वतःच सांगितलेलं. काल आपण चटावरचं श्राद्ध उरकलं, दोन बोटं फिरवली आणि पुसून टाकलं, कमी पडलं. हंसाबाई भाकरी थापत असताना त्यानं तुपाची वाटी उचलली. यावेळी पान नाही, अंगठ्यानं चोळलं. चकतीच्या एकेका भोकात, दोन्ही अंगांनी, पॅडच्या फटीतसुद्धा बोट जाईल तेवढं. "सेवाभाया, सांभाळ. पोरीले सांभाळ," एवढंच तो तांड्याच्या देवाला विनवत होता. मग मऊ फडक्यानं वरवर टिपून घेतलं. चकती अशी चमकली की त्याला तिच्यात स्वतःचा डोळा दिसला. त्या रात्री त्याला बरी झोप लागली. हेच त्याला पुढं सगळ्यात जास्त खुपत राहिलं.

सकाळी झिमझिम होती. वर्षानं अंगणात लिव्हर दाबून पाहिली, टणक. बापाशी कालपासून अबोला होता, पण निघताना म्हणाली, "येतो, बा." आणि गेली.

थोड्या वेळानं यवतमाळच्या बाजूनं लखन मोटारसायकलवर आला. "गेली काय वर्षा? अरे यार! पॅड आनले तिचे नवे." त्यानं खिशातून छोटी पुडी काढली. लखीराम कालची पुरणपोळी तुपात बुडवून खात होता. उठला आणि पाहण्यासाठी हात पुढं केला, तसा लखननं पुडी झटक्यानं मागं घेतली.

"हात नका लावू बा! तुपाचा हात हाय तुमचा. याले तेलातुपाचं बोट जरी लागलं तरी ब्रेक मेला समजा."

लखीरामला कळेना. "तेलावरच तं चालते ना तो?"

"तेल नळीच्या आत राह्यते. बाहीर थेंब बी नाई पाह्यजे. चकती कोरडी ठन्न लागते, तवा धरते."

लखीराम उभाच राहिला. हातातून पोळी पडली. तेवढ्या वेळात त्याला सगळं दिसलं. अंगठा, भोकं, फट, चमक.

"काय झालं बा?"

"म्या लावलं," तो म्हणाला. "म्या तूप लावलं. दोन्ही चकत्यांले. काल पुन्ना लावलं. चाल. चाल, चाल, लखन, चाल!"

आणि तो मोटारसायकलच्या मागं बसला. तांड्यातल्या लोकांनी पाहिलं: लखीराम राठोड, घाटाच्या दिशेनं, गाडीवर. कुणीतरी हसून हाकही मारली. मग त्याचा चेहरा दिसला आणि हाक तशीच विरली.

घाट सुटला. धावजी गेल्यानंतर पहिल्यांदा तो चाकावर हा उतार उतरत होता. रस्ता ओला, एका अंगाला दरी, आणि लखन जिवावर उदार होऊन गाडी सोडलेला. लखीरामनं पोराच्या खांद्यात बोटं रोवली होती. डोळे मिटावेसे वाटत होते आणि मिटून चालणार नव्हतं. कडेचं प्रत्येक झुडूप बघायचं होतं. मोडलेली फांदी, घासलेली माती, काहीही. मनात तो धावजीशी भांडत होता. तू मले लोटलं होतं खाली. मी पोरीले वरतून लोटलं. माया हातानं लोटलं रे.

धावजीचं वळण आलं. लखननं गाडी हळू केली. लखीराम उतरून काठावर गेला, गुडघ्यांवर बसून खाली वाकला. गवत, सागाची पानं, पाण्याचा आवाज. काही नाही. त्याच्या तोंडून हुंदका निघाला. "नाई इथं. निघाली असंन. गेली असंन नीट खाली." लखन रस्त्याकडे बघत होता. ओल्या रस्त्यावर एक मातकट रेघ वळणाच्या पार कडेनं गेलेली त्याला दिसली होती, आणि ती सरळ नव्हती.

त्या खालच्या वळणाला तोवर नाव नव्हतं. तिथं रायमुनियाचं काटेरी झुडूप फाटलेलं होतं आणि त्यातून सायकलचं एक चाक वर आलेलं. हळूहळू फिरत होतं अजून, का वाऱ्यानं, कोण जाणे.

"वर्षा!"

लखीरामला आपले पाय कुठं पडताहेत ते कळत नव्हतं. काट्यांत घुसला, धोतर फाटलं, घसरला, उठला. झुडपाच्या पलीकडं, एका सागाच्या बुंध्याशी, पोरगी बसलेली होती. उजव्या हातानं डावा हात पोटाशी धरलेला. तोंड राखेसारखं. तिनं मान वर केली, बापाकडे पाहिलं, रस्त्यावरच्या मोटारसायकलकडे पाहिलं.

"बा," ती म्हणाली, "तुमी गाडीवर आले?"

लखीराम तिच्यापुढं मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"धरलाच नाई, बा. टणक लागत होती लिव्हर, पन धरलाच नाई. म्या काल सारं घासलं होतं. मंग काहून?"

सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं? लखन बोलला नसता. पावसात सगळं धुऊन गेलं असतं, डिझेलवर ढकललं असतं. पण लखीरामकडे त्या घडीला दुसरे शब्दच नव्हते. "म्या तूप लावलं होतं त्याले," तो म्हणाला. "थकला म्हनली तू, म्हनून. खांदा शेकला म्या त्याचा."

वर्षानं त्याच्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवून भावाला म्हणाली, "दादा, मले उचल. बाले नको उचलू देऊ."

खांद्याचं हाड मोडलं होतं, गळ्याखाली आडवं असतं ते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, नशीब. डोकं दगडापासून थोडक्यात हुकलं. निवड हुकली ते वेगळंच. खांदा आणि हात पट्ट्यांत बांधून पोरगी घरी आली आणि बापाशी बोलायची बंद झाली. म्हणजे भांडली नाही, टोमणा मारला नाही. नुसतं तो खोलीत आला की ती भिंतीकडे तोंड करायची. ते त्याला भांडणापेक्षा वाईट वाटायचं.

लखीरामला आता उताराची नाही, स्वतःच्या हातांची भीती वाटू लागली. तूप खायचं सोडलं. राखेनं, साबणानं, पुन्हा राखेनं हात घासायचा आणि तरी वास घेऊन बघायचा. कुणाचं तान्हं पोर कुणी मांडीवर दिलं तर घ्यायचा नाही. हंसाबाई एकदा चिडून म्हणाली, "अवो, तुमच्या हातानं काई मुद्दाम झालं काय?" तो म्हणाला, "मुद्दाम झालं असतं तं मले दिसलं तरी असतं."

दिवाळीनंतर शामनं सायकल नीट करून पाठवली. नवी चकती, नवे पॅड. पट्टे निघाले. हात वर जाईना तेव्हा वर्षा दाराची चौकट धरून बोटाबोटानं तो वर चढवायची, दात-ओठ खाऊन. आणि मग एका सकाळी ती पुन्हा घाटात गेली. लखीराम फक्त तिच्यामागून घाटाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. तिथून खाली, पायथ्याच्या रस्त्याचा एक तुकडा दिसतो. त्या तुकड्यावर एक ठिपका दिसला की तो घरी यायचा. रोज. ऊन असो, थंडी असो. वर्षाला हे ठाऊक होतं, मानीबाईंनी सांगितलेलं. एकदा त्या रस्त्याच्या तुकड्यावर ठिपका आला आणि थांबला. थोडा वेळ थांबून मग पुढं गेला. लखीराम दिवसभर विचार करत राहिला, की ती दम खायला थांबली, का वर बघायला.

वर्ष फिरून पोळा आला. आदल्या संध्याकाळी तांड्यात घराघरांतून तूप-हळदीचा वास सुटला. लखीरामनं काही कोमट केलं नाही. मातीचे बैलसुद्धा आणले नाहीत. गोठ्याच्या दाराशी, सायकलपासून चार हात लांब, मांडीखाली हात घालून बसला होता.

वर्षा घरातून आली. तिच्या एका हातात वाटी आणि पळसाचं पान होतं, दुसऱ्यात पाण्याचा गडवा आणि साबण. लखीराम घाबरून उठलाच. "नको वं! ते इथं कायले आनलं? सायकल हाय तिथं. लांब ने, लांब ने!"

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, सायकलकडे पाठ करून. वाटी मधे ठेवली. ओढणी बाजूला केली आणि कुडत्याचा गळा डाव्या खांद्यावरून खाली ओढला. हाड जुळलं होतं, पण तिथं एक गाठ राहिली होती, उंचवटा, जू घासून बैलाच्या मानेला येतो तसा.

"पावसाळ्यात ठनकते," ती म्हणाली. "शेका."

लखीरामनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "माया हातानं नको, छोरी."

"तुमच्याच हातानं."

त्यानं पान बुडवलं. कोमट तूप पानाच्या शिरांतून निथळलं. उंचवट्यावर पान ठेवलं तशी ती दुखून थोडी आक्रसली, मग सैल झाली. तो शेकत राहिला. किती वेळ कोण जाणे. हंसाबाई दारातून पाहून पुन्हा आत गेली.

"उद्या निवड हाय, बा," वर्षा म्हणाली. "सकाळीच जा लागते. घाटानं."

पान धरलेला हात थांबला. त्याला म्हणायचं होतं, नको जाऊ. म्हणायचं होतं, हातात धरून ने. घाट तोच होता, पावसाची झिमझिम तीच होती, आणि पोटातली भीती तर सालभरात एका गुंजेनंही कमी झालेली नव्हती. त्यानं वाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले, पुन्हा पुसले, आणि रिवाजाप्रमाणे जे बोलायचं तेच बोलला. बैलापुढं जन्मभर नुसतं पुटपुटला होता. आज एकेक शब्द मोठ्यानं.

"आज आवतन घे," लखीराम म्हणाला. "उद्या जेवाले ये." आणि मग रिवाजात नसलेलं एक: "येजो, माय. नक्की येजो."

"येतो, बा," वर्षा म्हणाली, आणि उठायच्या आधी तिनं त्याचे दोन्ही हात साबणानं धुऊन दिले.